पारबताबाईंच्या टांगत्या टोपल्या

"पारबता" अशी नुसती हाक मारली तर त्या वळत नसत. दुसऱ्यांदा मारली तरी नाही, तिसऱ्यांदा मारली तरी नाही. शाळेत नव्याने लागलेल्या प्रत्येक शिक्षिकेला हा अनुभव पहिल्याच आठवड्यात यायचा. मलाही आला. नागपूरच्या सदरमधल्या मुलींच्या शाळेत मी लागले तेव्हा साठचं दशक अर्धं सरलं होतं. स्टाफरूमच्या दारातून मी चार हाका मारल्या. त्या दहा पावलांवर, घंटेखाली, पाठमोऱ्या उभ्या होत्या. शेवटी मी जवळ जाऊन जरा रागानेच विचारलं, "ऐकू येत नाही का?"

"येते ना जी," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण तुमी कोण्या पारबताले बोलावून राहिल्या, मले काय मालूम? मी पारबताबाई. तुमी सबनीसबाई, त्या शास्त्राच्या बाई, त्या मोठ्या बाई. सगळ्या बाया बाई, अन् मीच तेवढी पारबता, काहून?"

मी "पारबताबाई" म्हटलं आणि त्या लगेच म्हणाल्या, "हां, बोला."

पारबताबाई धकाते आमच्या शाळेत चपराशीण होत्या. माहेर उमरेडचं, सासर नागपुरातलं, दोन्हीकडे हातमाग. नवरा तरुणपणीच गेला, माग थांबला तो थांबलाच, आणि मूल नव्हतं. लुगडं मात्र त्या हातमागाचंच नेसत, जाड काठाचं, घोट्याच्या वर. चौथीपर्यंत शिकल्या होत्या. वाचताना अक्षराखालून बोट फिरवत. कमरेला एक बटवा असे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटे, सुपारी असेल. त्यात कागदाच्या पुड्या असत आणि पुड्यांत बिया.

ह्या बियांचा उगम सदरमधल्याच एका बंगल्यात होता. शाळेत लागण्याआधी त्या तिथल्या एका म्हाताऱ्या इंग्रज मिसकडे कामाला होत्या. मिस कायमची देश सोडून निघाली तेव्हा तिनं स्वयंपाक्याला पलंग दिला, धोब्याच्या मुलीला शिवणयंत्र दिलं. पारबताबाईंनी बियांचा डबा मागितला. मिसनं म्हणे दोनदा विचारलं, नक्की हाच ना? त्या म्हणाल्या, हाच.

शाळेत आल्यावर त्यांनी नळाजवळच्या ओल्या पट्ट्यात एक वाफा केला होता. मी ऐकलंय ते असं की पुढच्याच वर्षी प्रार्थनेसाठी मैदान मोठं करायचं ठरलं आणि वाफ्यावर फरशी पडली. कुणी त्यांना आधी सांगितलंसुद्धा नाही. त्या सकाळी आल्या तेव्हा गवंडी काम करत होते. तिथे उभं राहून त्यांनी आधी फरशीकडे पाहिलं, मग वर. आमच्या शाळेचा वऱ्हांडा लांबलचक, कमानींचा, आणि प्रत्येक कमानीत जुन्या काळची लोखंडी कडी. कधीकाळी तिथे कंदील टांगत असावेत. त्या मोठ्या बाईंकडे गेल्या आणि विचारलं, "जमीन शाळेची, ठीक हाये. त्या कड्यांचं काही काम हाये का?"

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्या कामात होत्या. "नाही," म्हणाल्या. एवढ्यावरच आमच्या वऱ्हांड्यात बारा टोपल्या लागल्या.

मी आयुष्यात पुष्कळ कष्टाळू माणसं पाहिली, पण बी पेरणाऱ्या पारबताबाईंसारखा हट्ट कुणाचा पाहिला नाही. पाऊस ओसरला, ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की त्यांची मधली सुट्टी नाहीशी व्हायची. जिन्याखालच्या जागेत त्या मातीचे पसरट परळ मांडत. माती, राख आणि वाळू चाळून चाळून अशी करत की मैद्यासारखी बोटांतून सुटावी. पिटुनियाला त्या 'भोंगा' म्हणत, फुलाच्या आकारावरून. ॲलिसम म्हणजे 'साबुदाणा'. नस्टर्शियमची पानं गोल, म्हणून ती 'छत्री'. मिसनं शिकवलेली नावं त्यांना येत नव्हती असं नाही. "तिची नावं तिच्यासंगं गेली," म्हणायच्या.

भोंग्याचं बी म्हणजे निव्वळ धूळ. ते बारीक वाळूत मिसळून त्या परळावर शिंपडत, वरून माती टाकत नसत. पाणीही वरून नाही. परळ पाण्याच्या घमेल्यात ठेवायचा, आणि माती खालून ओलावत वर काळी झाली की काढून घ्यायचा. वर जुन्या लुगड्याचा ओला तुकडा ताणायचा. आठवड्याभरात हिरवी लव दिसली की तो तुकडा हटवायचा. ती लव बोटभर व्हायच्या आत एकेक रोप वेगळं करायचं. हे काम त्या काडेपेटीच्या काडीनं करत. मागावर तुटलेला ताणा जोडणारी बोटं ती. रोपाचं मूळ कधी तुटलेलं मी पाहिलं नाही.

एका वर्षी ढगाळ हवा लागून राहिली. सकाळी येऊन पाहतो तो परळातली सगळी रोपं आडवी झालेली, देठाशी काळी पडून. कुणीतरी तळहात फिरवावा तशी. त्यांनी परळ मागे नेऊन रिकामा केला, उन्हात तापवला आणि दुसऱ्यांदा पेरलं. दुसरी लवही पंधराव्या दिवशी बसली. तेव्हा मोठ्या बाई चांगल्या मनानंच म्हणाल्या, "राहू द्या आता. बाजारातून झेंडूची रोपं आणवू आपण."

"झेंडूची काही चूक नाही जी," पारबताबाई म्हणाल्या. "पण मी हरून झेंडू नाही लावत."

तिसरी पेरणी नोव्हेंबरात झाली, सगळ्यांनी वेडेपणा ठरवल्यावर. त्या वर्षी टोपल्या उशिरा भरल्या, पण भरल्या. कुणी कौतुक केलं की त्या एवढंच म्हणत, "बी संपलं नव्हतं न."

टोपल्याही त्यांच्याच हातच्या. शाळेत पडलेली जाड तार वाकवून सांगाडा करायचा, आतून देवळातल्या नारळांचा काथ्या आणि गोणपाट. नुसतं वर लावून त्यांचं समाधान होत नसे. गोणपाटाला बाजूबाजूने चिरा पाडून त्यातून रोपं बाहेर काढत. जानेवारीत टोपली दिसायची नाही. जांभळ्या, पांढऱ्या, गुलाबी फुलांचा नुसता गोळा हवेत लटकलेला असायचा. सदरच्या रस्त्यावरून जाणारे सायकलवाले फाटकाशी पाय टेकून बघत.

जानेवारीतच आमचं स्टाफरूममधलं हळदीकुंकू असे. माझ्या तिसऱ्या वर्षी आम्ही ठरवलं की आरास पारबताबाईंच्या टोपल्यांची करायची. दोघी-तिघी त्यांच्याकडे गेलो. मीही होते.

"टोपल्या कधी पाहिजे?" त्यांनी विचारलं.

"चार वाजता. तुम्ही त्या आत आणून टांगा, आणि मग..." आमच्यातली एक अडखळली.

"अन् मंग बाहेर जा. असंच न?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मी विधवा हाये, मालूम हाये मले. पण बी टाकलं तेव्हाही मी विधवाच होती. ह्या फुलाले विधवेचाच हात लागला हाये जी, दुसरा लागलाच नाही. चालत असन तर दोघी येऊ, मी अन् टोपली. नसन चालत तर दोघी नाही येत."

आम्ही खाली मान घालून परत आलो. स्टाफरूममध्ये तासभर वाद झाला. चार वाजता मी जाऊन म्हटलं, "पारबताबाई, या." त्या हात धुऊन, लुगडं सारखं करून आल्या, चार टोपल्या टांगल्या आणि मधल्या खुर्चीवर बसल्या. सगळ्यांत वडील शिक्षिका उठून निघून गेल्या. बाकीच्या बसल्या, मान अवघडून बसल्या, पण बसल्या. "कुंकू मले लावू नका, मले नको हाये," त्या म्हणाल्या, "पण वाण मी देणार." आणि बटवा उघडून एकेकीच्या हातावर बियांची पुडी ठेवत गेल्या. आमच्या शास्त्राच्या बाईही विधवा होत्या. हळदीकुंकवाच्या दिवशी त्या दरवर्षी रजा टाकायच्या. पुढल्या वर्षी त्यांनी रजा टाकली नाही.

आता मला ती गोष्ट सांगायची आहे जिच्यात माझाही हात होता, आणि तो चांगल्या कामाला लागला नव्हता.

फेब्रुवारीत शहरात फुलांचं प्रदर्शन भरायचं. सिव्हिल लाइन्समधले बंगलेवाले, त्यांचे माळी, क्लब, कचेऱ्या, सगळे भाग घेत. एका वर्षी शाळेनं दोन टोपल्या पाठवल्या. प्रत्येक टोपलीखाली नावाचं कार्ड लागायचं. शाळेत अक्षर माझं चांगलं, म्हणून कार्ड लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी मोठ्या बाईंना विचारलं, "नाव कुणाचं?"

"प्रवेशिका मुख्याध्यापिकेच्या नावानं भरली आहे," त्या म्हणाल्या. "तसंच लिहा."

मी लिहिलं. वळणदार, काळ्या शाईत, खाली नक्षी काढून. पेन थांबलं नाही, खोटं कशाला सांगू?

पारबताबाई दोन्ही टोपल्या हातगाडीवर, ओल्या फडक्यात झाकून, स्वतः घेऊन आल्या. उंच कडीवरून टोपली काढायचा त्यांचा बांबूही बरोबर होता. टोपल्यांना पहिलं बक्षीस मिळालं. बक्षीस समारंभ पाचला होता. त्याआधी प्रमुख पाहुणे फिरून फुलं बघत होते. पारबताबाई टोपलीशी उभ्या होत्या. मी त्यांच्या मागे. त्यांनी वाकून कार्डाखालून बोट फिरवलं, एकदा, मग पुन्हा. आणि माझ्याकडे वळल्या.

"अक्षर गजब सुरेख हाये तुमचं, बाई," त्या म्हणाल्या. "नाव दुसऱ्याचं हाये."

मी काही म्हणणार तोच पाहुणे आले, बरोबर मोठ्या बाई आणि समितीची माणसं. पाहुण्यांना खरंच फुलांची आवड असावी. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "अप्रतिम! कोणत्या नर्सरीतून रोपं आणली?"

"नर्सरीतून नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "आम्ही शाळेतच बियांपासून करतो."

"आमी म्हणजे कोण?" पारबताबाईंनी विचारलं.

सगळे वळले. मोठ्या बाईंचा चेहरा उतरला. त्या हळूच म्हणाल्या, "पारबताबाई, नंतर बोलू."

"नंतर काहून? साहेब आता हायेत. मी एकच विचारतो, बाई. भोंग्याचं बी केवढं असते?"

मोठ्या बाईंनी टोपलीकडे पाहिलं. त्या भरघोस फुलांना शोभेल एवढं बी त्यांनी मनात धरलं असावं. "मोहरीएवढं," त्या म्हणाल्या.

पारबताबाईंनी बटवा सोडला. "हात पुढं करा साहेब," म्हणाल्या, आणि पाहुण्यांच्या तळहातावर पुडीतली चिमूट ठेवली. "श्वास जपून घ्या, उडून जाईन. हे बी. पाहा, दिसते का? ह्याच्यात अशा दहा टोपल्या हायेत. ऑक्टोबरपासून मी ह्याइले सांभाळून राहिली. ह्या बाईनं माझ्या टोपल्याले पाणी पण घातलं नाही कधी. मले बक्षीस नको. पण ते नाव माझ्या फुलाखाली नाही राहणार."

पाहुणे हात तसाच धरून उभे राहिले. एवढ्या मोठ्या माणसाला ती धूळ कुठे ठेवावी कळेना. पारबताबाईंनी दोन्ही टोपल्या उतरवल्या, बांबूच्या दोन टोकांना अडकवल्या आणि बांबू खांद्यावर घेतला. दोन्ही कार्डं उपटून माझ्या हातात दिली. मग त्या निघाल्या. हातगाडी त्यांनी तिथेच सोडली, ती शाळेची होती.

त्या सीताबर्डीच्या बाजारातून पायी घरी गेल्या. नंतर कितीतरी जणांनी मला ते वर्णन केलं: कापड दुकानांतून माणसं पायऱ्यांवर आली, सायकलरिक्षेवाल्यांनी वाट दिली, एक बाई मधोमध चालतेय, खांद्यावर बांबू, दोन्ही अंगांना फुलांचे गोळे झुलताहेत, आणि ती कुणाकडे बघत नाही.

सोमवारी चौकशी झाली. संस्थेची तीन माणसं मोठ्या बाईंच्या खोलीत बसली होती. आरोप दोन: पाहुण्यांसमोर उद्धटपणा आणि शाळेची मालमत्ता परवानगीशिवाय नेणं. लेखनिकानं माफीनामा आधीच तयार करून ठेवला होता. सही केली की प्रकरण मिटणार होतं. नोकरीशिवाय पारबताबाईंना दुसरं काही नव्हतं, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. मला साक्षीला बोलावलं होतं.

त्या आल्या त्या दोन रिकामे तारेचे सांगाडे घेऊन. ते टेबलावर, कागदांवर ठेवले. "तार शाळेची होती, ही घ्या. काथ्या देवळाचा. माती मी नाल्यावरून आणली होती. बी माझं. फुलं घरी घमेल्यात लावली हायेत, मजेत हायेत. अजून काय पाहिजे?"

"उद्धटपणाबद्दल माफी," अध्यक्ष म्हणाले.

"खोटं बोलली असन तर मागतो."

मग मला विचारलं गेलं. कार्ड कोणी लिहिलं? मी. नाव कोणी सांगितलं? मोठ्या बाईंनी. टोपल्या कोणी केल्या हे शाळेत सर्वांना माहीत होतं का? म्हटलं, होतं, मलाही होतं. मोठ्या बाई खिडकीबाहेर पाहत होत्या.

पारबताबाईंनी माफीनामा पुढे ओढला, बोट फिरवत पूर्ण वाचला. सगळ्यांना वाटलं, आता सही करतील. त्यांनी माझं पेन मागितलं आणि खाली, सहीच्या जागी, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं: 'मी बोलली. टोपल्याबी मीच केल्या. पारबताबाई धकाते.' शाई वाळेपर्यंत फुंकर मारली आणि कागद परत केला.

त्यांना काढून टाकायचं धाडस संस्थेला झालं नाही. बदली केली. नागपूरबाहेर कळमेश्वरला, कारखान्यांच्या वसाहतीजवळ संस्थेनं नवी शाळा काढली होती, टिनाचं छत आणि चहूकडे मुरूम. त्या रडतील, कुणाच्या तरी पाया पडतील, असं म्हणणारे होते. त्या बिऱ्हाड घेऊन गेल्या. निघताना उरलेल्या दहा टोपल्यांना पाणी घातलं आणि मला म्हणाल्या, "मार्चपर्यंत राहतीन ह्या. मंग वाळतीन. त्याले इलाज नाही."

तसंच झालं. पुढल्या ऑक्टोबरात पेरायला कुणी नव्हतं. मोठ्या बाईंनी नर्सरीतून रोपं आणवली, ती महिनाभर टिकली. निवृत्तीच्या दोन दिवस आधी त्यांनी मला खोलीत बोलावलं, उगाच इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग विचारलं, "ते बी खरंच इतकं बारीक असतं?"

मी हो म्हटलं.

पारबताबाई मला एकदाच भेटल्या त्यानंतर. ऐंशीचं दशक सुरू होऊन काही वर्षं झाली होती. दहावीच्या परीक्षेच्या कामावर मी कळमेश्वरला गेले. मार्चचं ऊन होतं. टिनाच्या ओसरीच्या कडेनं ओळीनं टोपल्या होत्या, वीस तरी असतील, पण एकीतही फूल नव्हतं. सगळ्या वाळून तपकिरी झालेल्या, काड्या लोंबताहेत. दाराशीच्या दोन तर इतक्या खाली आलेल्या की माणसाच्या तोंडाला लागाव्यात. त्यांतल्या एकीजवळ त्या उभ्या होत्या. केस पूर्ण पांढरे झाले होते. सुकलेल्या बोंडांना त्या मलमलच्या चिंध्यांच्या इवल्या पिशव्या बांधत होत्या.

"तुमी जाड झाल्या, बाई," माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या. "चांगलं दिसते."

तेवढ्यात तिथले मुख्याध्यापक धावत आले. शिक्षण खात्याचे साहेब केंद्र तपासायला येत होते, जीप फाटकात होती. "पारबताबाई, हा कचरा उतरवा हो! दारात काय हे, साहेब काय म्हणतील?"

"कचरा नाही हाये, बी पिकून राहिलं. दोन दिवसांत फुटन. आता हलवलं तर सांडून जाईन."

"अहो, पण साहेब आत कसे येतील?"

"वाकून," त्या म्हणाल्या.

जीप थांबली. साहेब उतरले, उंच, टाय लावलेले, मागे फाइल घेतलेला कारकून. ओसरीच्या पायरीवर येऊन ते थबकले. समोर वाळक्या काड्यांचं लटकतं झुडूप आणि त्यापलीकडे एक म्हातारी, गाठ मारता मारता त्यांच्याकडे बघणारी. मुख्याध्यापकांनी हात जोडले. पारबताबाई बाजूला झाल्या नाहीत. दोन्ही हातांनी टोपली धरली, धक्का लागू नये म्हणून, आणि म्हणाल्या, "या साहेब, सांभाळून. डोकं खाली."

साहेबांनी एकदा मुख्याध्यापकांकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. मग टाय छातीशी धरून, कमरेत वाकून ते आत गेले. त्यांच्यामागून कारकून वाकला. त्याच्यामागून मुख्याध्यापक वाकले.

"जा न बाई, तुमी पण," त्या मला म्हणाल्या. "पेपर सुरू होऊन राहिला."